वरचे दोन मजले

नागपूरच्या प्रताप नगर चौकातून खामल्याकडे संध्याकाळी पायी निघालं की मान जरा वर करून चालावं. वर पाहण्यासारखं पुष्कळ असतं. चार-पाच घरं गेली की एक घर असं येतंच, की तळमजल्यावर ट्यूबलाइट, टीव्हीचा आवाज आणि वरणाच्या फोडणीचा वास, आणि त्याच्या डोक्यावर दोन मजले अंधारात. फाटकाशेजारच्या भिंतीवर विजेची तीन मीटरं. खालचं फिरत असतं. वरची दोन महावितरणच्या स्थिर आकारापुरती जिवंत असतात.

हे मजले मुलांचे. एजी ऑफिस, पाटबंधारे, वीज मंडळ, वेस्टर्न कोलफील्ड्स म्हणजे वेकोलि अशा ठिकाणी आयुष्य घालवलेल्या माणसांनी ही घरं बांधली. तळमजला गृहकर्जातून, पहिला भविष्य निर्वाह निधीतून आणि दुसरा ग्रॅच्युइटीतून. पहिला मोठ्याचा, दुसरा लहान्याचा. दोन्हींचा नकाशा तंतोतंत सारखा, खिडक्यासुद्धा मोजून तेवढ्याच, कारण पुढे सुनांमध्ये कुरबूर नको. आता मोठी सून हिंजवडीत आणि लहानी टेक्सासात. कुरबूर करायची म्हटली तर आधी दोघींना सोयीची वेळ ठरवावी लागेल. ज्याने हे सगळं बांधलं त्याचे गुडघे पहिल्या वळणावरच संपतात. आपला दुसरा मजला कित्येक वर्षांत न पाहिलेला मालक आमच्या गल्लीत एकटादुकटा नाही. वर काय चाललंय याची खबर झाडूपोछाच्या मावशी महिन्यातून एकदा आणतात. ‘कबुतरं हायेत, बाकी बरं हाये.’

मुलगी असली तर तिच्या नावाचा मजला नसतो. तिचं लग्न ‘चांगलं करून दिलेलं’ असतं.

आमच्या समोरचे काकाजी वेकोलितून निवृत्त झालेले. त्यांना सकाळच्या फिरण्यात कोणीतरी विचारलं, ‘मृत्युपत्र केलं का?’ काकाजी जागच्या जागी थांबले. ‘काहून? मी काय मरून राहिलो का?’ घोळक्यात शांतता पसरली आणि विषय तर्री-पोह्याकडे वळला. आमच्याकडे मृत्युपत्राबद्दल अशी पक्की समजूत आहे, की ते कागदावर आलं रे आलं की त्याची एक प्रत आपोआप यमाच्या कार्यालयात जाते आणि तिथला बाबू त्या दिवसापुरता कार्यक्षम असतो. एरवी विम्याचा हप्ता, हयातीचा दाखला यांत एक दिवस न चुकवणारा माणूस हा एकच कागद ‘पाहू नं पुढे’ म्हणून ठेवतो. पुढे पाहायला आपण नसणार, हीच या कागदाची मुख्य अट आहे, पण ती त्याला कोण सांगणार?

खरं तर नागपूरकरांना हे सांगायची वेळ यायला नको. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले गेले. मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तकही घेतलेला नव्हता. राण्यांनी मागाहून दत्तकविधान केलं, पण डलहौसीने ते मानलं नाही. १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि राजवाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले. वारसाची कागदपत्रं वेळेत न केल्याची एवढी मोठी जाहिरात जगात दुसऱ्या शहराच्या वाट्याला आली नसेल. याच्या उलट उदाहरणही घरचंच आहे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्र करून पस्तीस लाखांच्या घरातली रक्कम नागपूर विद्यापीठाला ठेवली आणि त्यातून १९४२ मध्ये अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली. काकाजींचा लहाना तिथूनच केमिकल इंजिनीअर झाला आणि टेक्सासला गेला. म्हणजे कोण्या एका परक्या माणसाच्या मृत्युपत्रावर काकाजींचा मुलगा शिकला, आणि काकाजींना मात्र स्वतःचं करायचं म्हटलं की अशुभ वाटतं.

शेवटी ज्येष्ठ नागरिक मंडळाने एका वकिलांचं व्याख्यान ठेवलं. एवढी गर्दी मंडळाच्या कोजागिरीलाही नसते. प्रत्येकाचा प्रश्न ‘माझ्या एका मित्राचं असं आहे’ याच शब्दांनी सुरू होत होता. या मित्राला तीन मुलं, एनआयटीचा, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचा, लीजचा प्लॉट, अजून वडिलांच्याच नावावर असलेली जागेची आखीव पत्रिका, आणि फेरफाराचा अर्ज जो तो गेली कित्येक वर्षं ‘करून राहिला’ आहे. वकिलांनी सगळ्या मित्रांना एकच सल्ला दिला, की आधी आखीव पत्रिकेवर स्वतःचं नाव आणा, मग ते कोणाला द्यायचं ते ठरवा.

मृत्युपत्राचं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मंडळी जरा नाराजच झाली, कारण ते फारच सोपं निघालं. साधा कागद चालतो. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरी. आपली सही आणि ती पाहणारे दोन साक्षीदार, बस. मत बदललं तर नवीन करा, शेवटचं असेल ते खरं. चाळीस वर्षं सरकारी कामात तीन प्रतींशिवाय पेन्सिलही न मागितलेल्या लोकांना हे पटेना. ‘एवढ्यात होत असेल तर ते पक्कं कसं असेल?’ असं एजी ऑफिसवाल्यांनी बोलूनही दाखवलं.

आणि केलंच नाही तर? तर हिंदू वारसा कायदा, १९५६ तुमच्यासाठी वाटणी करतो. पुरुषाच्या मागे त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. आई, बरं का. बाप या पहिल्या रांगेत नाही. काकाजींच्या मातोश्री नव्वदीत आहेत आणि मागच्या खोलीतून घरावर राज्य करतात. काकाजींनी तिथल्या तिथे हिशेब मांडला. मजले तीन. वारस पाच. बायको, मोठा, लहाना, मुलगी आणि आई. ‘म्हणजे मी गेलो तर आईलाही मजल्याचा तुकडा?’ वकील म्हणाले, ‘हो, आणि तो त्या कोणालाही देऊ शकतात.’ काकाजी घरी आल्यावर आठवडाभर आईच्या औषधाची वेळ स्वतः पाळत होते.

नॉमिनी हा त्या सभेतला दुसरा सुरुंग. आमच्या पिढीचा ठाम विश्वास आहे, की पासबुकावर नॉमिनी लावला म्हणजे मृत्युपत्र झालंच. वकिलांनी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे कालनिर्णय लटकत होतं. त्यातून महाराष्ट्राला वर्षभराचे मुहूर्त सांगणारे जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं, गुंतवणुकींवर नॉमिनीही लावलेले होते. तरी नॉमिनी हा मालक की नुसता राखणदार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १४ डिसेंबर २०२३ला निकाल लागला. नॉमिनी राखणदार. पैसे घेईल, पण ते वारसांच्या हवाली करायचे. सभेत बसलेल्या कितीतरी बायकांनी नवऱ्याकडे आणि कितीतरी नवऱ्यांनी छताकडे पाहिलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, असंही वकिलांनी सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, ‘बरं झालं, चार खांद्यांची सोय एकाच फॉर्मवर झाली.’

काकाजींनी अखेर मनावर घेतलं. मसुदा झाला, आणि गाडी साक्षीदारांवर अडली. कायद्याला दोन साक्षीदार लागतात आणि उद्या वाद झाला तर त्यांतल्या एकाने तरी कोर्टात येऊन ‘हो, माझ्यासमोर सही केली’ असं सांगावं लागतं. म्हणजे साक्षीदार काकाजींच्या मागे उरला पाहिजे. सकाळच्या घोळक्यातल्या दोघांनी आपणहून तयारी दाखवली. काकाजींनी त्यांना आधी वय विचारलं, मग शुगर विचारली, मग बायपास कधी झाली ते विचारलं. एकजण भडकला. ‘म्हणजे मी तुझ्या आधी जाणार काय बे?’ चाळीस वर्षांची दोस्ती, पण त्या दिवसापासून ते बगिच्याच्या उलट्या बाजूने फेऱ्या मारतात. आता साक्षीदार म्हणून इस्त्रीवाल्याचा मुलगा आणि मेडिकल स्टोअरवरचा पोरगा ठरले. दोघेही तिशीच्या आतले. काकाजी त्यांना रोज हेल्मेट घालायला सांगतात.

मग वकील म्हणाले, मनाने सक्षम असल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडून ठेवा. त्यावर काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. ‘डॉक्टर ते पत्र यांच्याशी बोलून देणार की माझ्याशी?’

काही जणांना मात्र हे मरणानंतरचं लचांडच नको असतं. ते म्हणतात, जिवंतपणीच मुलांच्या नावे करून मोकळं व्हावं. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीसपत्राने दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वरचे अधिभार सोडले तर. एवढ्यात धंतोलीत डॉक्टरच्या दाराशी गाडीसुद्धा नीट लागत नाही. स्वस्त म्हणून लोक करून टाकतात. पुढे कधीतरी सोफ्यावर बसताना आपण आता पाहुणे आहोत हे लक्षात येतं. यासाठीच २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते देणं रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात. २ जानेवारी २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने एका आईने दिलेलं घर तिला परत मिळवून दिलं, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने मोकळ्या हाताने वाचावा असंही सांगितलं. तरी अट कागदावर स्पष्ट लिहावी, हे वकिलांनी तीनदा बजावलं.

अट लिहायची कशी, हा खरा घोळ. कायद्यात शब्द आहेत मूलभूत सोयी आणि मूलभूत शारीरिक गरजा. काकाजींनी यादी करायला घेतली. रविवारी तर्री-पोहे ही शारीरिक गरज धरायची का? मे महिन्यात पारा ४५च्या वर गेल्यावर कूलरमध्ये पाणी कोण भरणार, आणि वाळ्याच्या ताट्या दरवर्षी नव्या की दोन वर्षं त्याच? बातम्या किती आवाजात ऐकायच्या? काकूंनी स्वतःचं एक कलम जोडलं, की सुनेने सांभाळ करावा पण सल्ला देऊ नये. वकील म्हणाले, असं लिहिलेलं बक्षीसपत्र कोणी स्वीकारणार नाही. काकू म्हणाल्या, ‘मग देऊन तरी काय राहिलो आम्ही?’ आणि ती फाइल तिथेच बंद झाली.

एवढा काथ्याकूट झाला तो सगळा काकाजी गेल्यानंतर काय, याचा. मग एके दिवशी काकाजींच्या मातोश्री न्हाणीघरात घसरल्या.

खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि ते अगदी छान झालं. सत्तरी पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न न विचारता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान कार्ड २०२४च्या ऑक्टोबरपासून मिळतं. काकाजींनी ते आईचं वेळीच काढून ठेवलं होतं आणि त्या आठवड्यात ते गल्लीतले सर्वांत दूरदर्शी गृहस्थ होते. आजी घरी आल्या आणि हिशेब उलटला. आयुष्मान असो की मेडिक्लेम, त्यांना तुम्ही आजारी लागता, म्हातारे चालत नाही. पलंगावर भरती असाल तर पैसे, स्वतःच्या पलंगावर पडून असाल तर शून्य. आजींना कुशीवर वळवायला, न्हाऊ घालायला, रात्री दोनदा उठवायला माणूस लागतो. त्याचं बिल कोणत्याही कार्डाच्या खाचेत जात नाही. एअर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर, डायपर, आठवड्यातून तीनदा फिजिओवाला. मुलगा स्वतः पासष्टीचा, त्याला आईला उचलायला सांगितलं तर दुसरा पलंग आणावा लागेल.

मग सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन गेला. दिवसाची एक आणि रात्रीची एक, अशा दोन बाया. काकाजींनी कागद-पेन घेतलं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल तीस लाख ठेवता येतात, ते त्यांनी ठेवलेले. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला २०,५००. दोन पाळ्यांचे पैसे त्याच्या पुढे गेले, आणि डायपर अजून यायचे होते. मुलांकडून मागायचे तर ज्येष्ठ नागरिकांच्या त्या कायद्याने मिळू शकणारा निर्वाहभत्ता जास्तीत जास्त महिन्याला दहा हजार. हा आकडा २००७ मध्ये लिहिला गेला, आणि त्यानंतर ब्युरोचे दर मात्र कोणी गोठवून ठेवलेले नाहीत.

या हिशेबातली खरी गंमत अशी, की काकाजी गरीब मुळीच नाहीत. प्रताप नगरात मोक्याच्या जागी तीन मजली घर म्हणजे कागदावर कोट्यधीश. पण तो सगळा पैसा विटांत. मोठ्याच्या मजल्यावर पंखे लावलेले, लहान्याच्या मजल्यावर मॉड्युलर किचन, आणि खाली मालक डायपरच्या दोन ब्रँडमधला सात रुपयांचा फरक चष्मा लावून पाहतोय. मृत्युपत्राचा मसुदा सहा पानांचा होता. त्यात पितळी घंगाळ कोणाला हेसुद्धा होतं. मरेपर्यंतची वर्षं कोण पोसणार याला त्यात अर्धी ओळ नव्हती.

बँकेतून निवृत्त झालेल्या एकांनी उपाय सांगितला. २००७पासून आपल्याकडे रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय आहे. साठीच्या पुढे राहतं घर बँकेकडे गहाण ठेवायचं, बँकच आपल्याला दर महिन्याला पैसे देते, आपण तिथेच राहायचं, हयातीत फेडायचं काही नाही. नंतर वारसांनी पैसे भरून घर सोडवावं, नाहीतर बँक विकून आपले घेईल आणि उरलेले त्यांना देईल.

काकाजींचा चेहरा पडला. ‘म्हणजे घर बँक खाणार?’

‘नाही हो. तुम्ही खाणार.’

हे तर त्याहून वाईट. इकडचा माणूस सावजीचा रस्सा खाईल, भर उन्हात पाटोडी खाईल, पण स्वतःचं घर खाणार नाही. काकाजींनी ही योजना नुसती चाचपडून पाहायला म्हणून मोठ्याच्या कानावर घातली. त्याने विरोध केला नाही. फक्त आठवड्याला येणारा फोन रोज यायला लागला, आणि त्यात प्रकृतीच्या आधी घराची चौकशी असायची. ‘गच्चीला वॉटरप्रूफिंग करून घेऊ का बाबा?’ पुढे कळलं, की आखीव पत्रिकेवरच्या फेरफाराशिवाय बँक दारातही उभं करत नाही. प्रश्न मिटला.

वृद्धाश्रमाचं नाव आमच्याकडे फक्त भांडणात निघतं. ज्या मातृसेवा संघाने १९२१ मध्ये कमलाताई होस्पेटांच्या पुढाकाराने नागपुरात बाळंतपणाचं काम सुरू केलं, त्याच संस्थेचं पंचवटी हे वृद्धांसाठीचं घर आहे. जन्मापासून शेवटापर्यंत दोन्ही टोकं एकाच संस्थेने सांभाळलेली, आणि गल्लीतले लोक वाढदिवसाला तिथे जेवणही देतात. पण ‘मी जातो पंचवटीत’ हे वाक्य नवरा फक्त भाजीत मीठ जास्त झाल्यावर म्हणतो.

दिवसपाळीच्या ताई मात्र या सगळ्यात निवांत होत्या. आजींचे पाय चेपता चेपता त्यांनी काकूंना सांगितलं, की त्यांचा दोन लाखांचा विमा आहे, वर्षाला ४३६ रुपये खात्यातून कटतात. बचत गटाचे पैसे वेगळे, आणि नॉमिनी मुलगी. नवरा का नाही, असं काकूंनी विचारलं. ताई म्हणाल्या, ‘त्याले मी जिवंत असतानाच पुरे पडत नाही.’ काकू त्या दिवशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी काकाजींची फाइल मागवून घेतली.

रविवारी संध्याकाळी तिन्ही मुलांना एकाच वेळी व्हिडिओवर बसवलं. टेक्सासात सकाळ, लहाना कॉफी पीत. काकाजी घसा खाकरत होते, पण बोलल्या काकू. म्हणाल्या, वरचे दोन्ही मजले भाड्याने द्यायचे ठरवलं आहे. आजीच्या बायांचा पगार त्यातून निघेल, पुढे आमचाही निघेल. एका मजल्याला कोचिंगची पोरं आली आहेत, दुसऱ्याला बँकेतलं जोडपं.

पडद्यावर शांतता. मग मोठा म्हणाला, ‘माझ्या मजल्यावर? आई, तिथे माझ्या दहावीच्या वह्या आहेत.’ लहाना म्हणाला, किचनच्या ट्रॉल्यांना भाडेकरू ओरखडे पाडतील. त्याने त्या ट्रॉल्या फक्त फोटोत पाहिल्या होत्या. मुलगी म्हणाली, ‘माझा मजलाच नाही, मला काही अडचण नाही,’ आणि माइक बंद करून हसत राहिली.

काकू म्हणाल्या, ‘बरं. नसेल द्यायचा तर नका देऊ. मग आपापल्या मजल्याचं भाडं तुम्हीच द्या. बाजारभावाने. महिन्याच्या पाच तारखेला.’

मोठ्याने आधी हसून पाहिलं. आई हसत नाही हे पाहून त्याने रक्कम विचारली. लहान्याने डिपॉझिट विचारलं. तीन महिन्यांचं, काकू म्हणाल्या, आणि पाण्याचं बिल वेगळं. काकाजींना राहवेना, ते मध्येच म्हणाले, ‘अगं, पोट्टे आपलेच आहेत, लिहून-बिहून कशाला घेतेस?’

‘घेणार नं. अकरा महिन्यांचाच करार करू,’ काकू म्हणाल्या. ‘पुढचं वागणूक पाहून.’